दुसऱ्या दिवशीची सायकल

रंगाऱ्याच्या पायाला भिंगरी होती. शिडीवर चढला की अर्धी खोली रंगवूनच खाली उतरायचा, आणि उतरला तरी बसायचा नाही. जेवतानासुद्धा मध्येच उठून खिडकी उघडायचा, परत लावायचा. "अहो, ताट तरी संपवा!" म्हणून बायको ओरडायची, पुढे तिनेही नाद सोडला. आणि नेमकी अशा माणसाच्या घरात त्याची धाकटी बहीण सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. आता काय म्हणावं!

धाकटी शाळेत खेळाची शिक्षिका होती. साधा ताप आला, आठवड्यात उतरला, पण जाताना तिची सगळी ताकद घेऊन गेला. आंघोळ केली की दुपारभर डोळे मिटून पडायची. फोनवर चार वाक्यं बोलली की डोकं भणभणायचं. तपासण्या मात्र एकजात चांगल्या. त्यामुळे डॉक्टर हात झटकायचे आणि नातेवाईक नाकं मुरडायचे. रंगारी नाक मुरडत नसे, पण त्याचंही एक पालुपद होतंच: "हाल की जरा! पडून राहिलं की अंग आंबतं." प्रेमानेच म्हणायचा हो, पण किती वेळा? धाकटी भिंतीकडे तोंड फिरवायची.

मग चार शहरांतल्या चार रुग्णालयांनी मिळून या न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचा अभ्यास काढला. सगळीकडे तपासणी तीच, नियम तेच, म्हणजे चारही ठिकाणचे आकडे एकत्र मांडता यावेत. तोंडाला मास्क लावून सायकल मारायची, श्वास मोजून ताकदीचा आकडा काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. ही दुसऱ्या दिवशीची सायकल आजाऱ्यांच्याच हट्टाने आली होती. डॉक्टरांच्या समितीत त्यांचीही माणसं होती, आणि त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "आमचा आजार दुसऱ्या दिवशी दिसतो. धडधाकटाचा आकडा टिकतो, आमचा घसरतो." तुलनेसाठी घरातलं एक धडधाकट माणूसही हवं होतं. तो मान अर्थातच रंगाऱ्याचा.

"एकदा हे आकड्यांत येऊ दे, दादा," धाकटी म्हणाली. "मग मला कुणी आळशी म्हणणार नाही."

'कुणी' म्हणताना तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्याला ते चांगलंच लागलं.

महिनाभर तिने ताकद साठवली. केस विंचरणंसुद्धा वहिनीवर सोडलं. एवढं केल्यावर पहिल्या दिवशीची सायकल तिने झकास मारली. तिच्यामागून रंगाऱ्यानेही मारली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजचा आकडा चांगलाय. आता थेट घरी जाऊन पडायचं. चालणं नको, जिना नको. घरी लिफ्ट आहे ना?"

रंगाऱ्याने यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. झालं! स्वारीला आभाळ ठेंगणं झालं.

"बघ, मी काय म्हणत होतो? काही झालेलं नाहीये तुला!" बाजाराच्या कोपऱ्यावरच त्याने टॅक्सी सोडली. तिला दुकानं दाखवली, नवी चप्पल घेऊन दिली. इमारतीत शिरल्यावर म्हणाला, "लिफ्ट राहू दे आज. तीन मजले तर आहेत." धाकटी नको म्हणू शकली असती. पण भावाला इतकं खूश तिने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती हसत हसत चढली. या शहाण्याला काय बोलावं, सांगा!

सकाळी तिला मान उचलवेना. उजेड सहन होईना, ओठ हलत होते पण आवाज फुटेना. रंगाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने तिला उचलून टॅक्सीत ठेवलं. रस्ताभर तो कधी काच खाली करी, कधी वर करी.

"बाईंना चालल्याचं सांगू नकोस," ती कशीबशी पुटपुटली. "बसव मला सायकलवर. माझा आकडा जाऊ दे त्यात."

डॉक्टरबाईंनी तिला पाहिलं आणि सरळ त्यालाच विचारलं, "काल घरी गेल्यावर विश्रांती घेतली होती?"

हो म्हटलं की ती अभ्यासात राहणार होती. धाकटीचे डोळे त्याच्यावर खिळले होते. पण ही पोर सायकलवरच कोसळली तर?

"नाही," तो म्हणाला. "मी चालवलं तिला. बाजारभर. जिनाही चढवला. चूक माझी आहे, बाई, तिची नाही."

बाई म्हणाल्या, "मग आज यांना सायकल नाही. कालचा आकडाही धरता येणार नाही. एका ठिकाणी नियम मोडला तर चारही ठिकाणचं काम नासतं."

"मग पुढच्या महिन्यात घ्या!"

"हे निस्तरायलाच यांना किती महिने लागतील, मला सांगता येत नाही. पुन्हा नाही घेणार मी."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. पुसायला तिचा हात उठला नाही. त्यानेच पुसलं.

"तुमची सायकल मात्र व्हायला हवी," बाई हळूच म्हणाल्या. "विश्रांतीची अट आजाऱ्यांपुरतीच आहे. निरोगी माणसाला तीन मजल्यांनी काही होत नाही."

"मला नाही मारायची सायकल! हिला काढून मला कशाला ठेवता?"

धाकटीने दोन बोटांनी त्याची बाही धरली. तो वाकला, पार तिच्या तोंडाशी कान नेला.

"जा, दादा. आपल्या घरातला एक तरी आकडा राहू दे त्यात."

त्याने मास्क लावला. समोर खाटेवर ती डोळे मिटून पडली होती. तो पॅडल मारत राहिला, मास्कच्या आत हमसून हमसून रडत राहिला. बाईंनी थांबायचं का विचारलं, त्याने मान हलवून नाही म्हटलं. त्याचा आकडा कालच्यापेक्षा थोडा जास्तच आला.