चिलखत कोण धरणार?

करंजाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रविवारची जेवणं आटोपली, की टेबलावरचं प्लास्टिक पुसलं जाई आणि त्यावर डोंगर, गुहा नि राक्षस येऊन बसत. दीपेश गोष्ट सांगे, बाकीचे त्यातली पात्रं होत. आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. आठवडाभर पळस्प्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ड्रायव्हरांची बोलणी खाणारा दीपेश रविवारी तीन तास साक्षात नियती होऊन बसे, आणि ते त्याला शोभतही असे.

त्याची बायको प्राची ढाल-तलवारवाली योद्धा होती, मित्र मिथुन जादूगार. चौथा अविनाश नोकरीसाठी दुबईला गेला तेव्हा टोळी लंगडी पडली. चहा ठेवता ठेवता दीपेशची आई मालूबाई म्हणाल्या, "मी बसू काय?" सगळे हसले आणि मग हसून झाल्यावर त्यांना लक्षात आलं की दुसरं कोणी मिळणारही नव्हतं.

मालूबाईंना रूप बदलणारी रानातली बाई दिली. वाघ हो, अस्वल हो, गरुड हो, असं दीपेश समजावत होता.

"चिंबोरी व्हता येल?" त्यांनी विचारलं.

दीपेशने खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळलं. बैलगाडीएवढा खेकडा त्यात खरंच निघाला. मिथुनला इतका आनंद झाला की त्याने चहा सांडला. पण त्या दिवसापासून चैत्र येईपर्यंत मालूबाई एकदाही चिंबोरी झाल्या नाहीत. काठीने बदडतील, पाला लावून जखमा बऱ्या करतील, भुतांना शिव्या देतील, पण रूप बदलायचं नाव नाही.

अडलं होतं ते चिलखतापाशी. दुसऱ्याच रविवारी त्यांच्या पात्राला अजगराच्या खवल्यांचं झकास चिलखत मिळालं. रूप बदललं की अंगावरच्या चिलखताचं काय होणार, यावर पुस्तकाने तीन वाटा दिल्या होत्या. ते नव्या शरीरात विरघळेल आणि माणूस झालं की परत येईल, किंवा मापात बसलं तर अंगावर राहील, नाहीतर गळून खाली पडेल. काय ते टेबलावर ठरवा.

"विरघळतं, काकी," मिथुन म्हणाला. "सगळे तसंच खेळतात. कटकट नाही."

"इरघळल कसा? अंगावरचा खरा सामान हाय, साखर हाय काय? खालीच परनार."

"मग पडू दे ना आई," प्राची म्हणाली. "नंतर घाला परत."

"आनि कुनी पायाखाली तुरवला त?"

त्या घरात नियम ठरला, चिलखत खाली पडणार. आणि तो नियम करायला लावणाऱ्या बाई त्याच नियमापायी माणसाच्या माणूस राहिल्या. टोळीला वाटलं, म्हातारीचा हट्ट. पण हट्ट कुठून येतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला असलेलं बरं.

मालूबाईंच्या अंगात देवी येई. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून, चैत्रात गावदेवीची पालखी निघाली आणि ढोल घुमायला लागले की त्यांचे केस सुटत, आणि मग त्या मालू नसत. त्या वेळी त्यांच्या मागे एक पाऊल सोडून नवरा उभा असे. जगन. उरणच्या बंदरात क्रेन चालवणारा, चार माणसांत घसा खाकरायलाही लाजणारा माणूस, पण त्या गर्दीत कोणाच्या बापाला हटत नसे. आधी बायकोचा चष्मा काढून घेई, मग कुड्या, मग बांगड्या. रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवी आणि वर हात दाबून उभा राही. देवी निघून गेली, मालूबाईंनी डोळे उघडले, की पाण्याच्या आधी चष्मा नाकावर येई आणि पहिलं दिसे ते जगनचं घामेजलेलं तोंड. आपण परत आलो, हे त्यांना त्या तोंडावरून कळे.

जगन गेल्यानंतरच्या चैत्रात मागे कोणीच नव्हतं. दीपेश पुढे पालखीला खांदा देत होता, त्याला काही दिसलं नाही. मालूबाईंनी डोळे उघडले तेव्हा चष्मा कोणाच्या तरी पायाखाली गेला होता आणि सगळी तोंडं पुसट दिसत होती. पाणी कोणी पाजलं तेही ओळखता आलं नाही. इतकं एकटं त्यांना जगनच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून घरी बसल्या. यंदाही तेच सांगायचं ठरलं होतं. देवीला खोटं सांगतोय, हे आतून कुरतडत होतं. पण बोलणार कोणाशी? दीपेश चष्म्याला दोरी बांध म्हणाला असता. प्राची गुणाची पोर, त्यांचा जीव होता तिच्यावर. पण ती वाढली नवीन पनवेलच्या सेक्टरात, घुमणारं माणूस तिने लांबूनच बघितलेलं. सुनेला माझ्या मागे उभी राहा म्हणायचं म्हणजे त्यांना पदर पसरल्यासारखं वाटे.

पालखीच्या आधीचा रविवार आला. गोष्टीत टोळी गुहेत अडकलेली, कमरेपर्यंत पाणी, पुढे लोखंडी जाळी. मिथुनचा जादूगार बेशुद्ध. मागून राक्षस येतोय. जाळी तोडायला नांग्याच हव्यात.

"आई, आता तरी?" दीपेश म्हणाला.

"नाय."

"अहो, मरू सगळे!" प्राची वैतागली. "असं काय आहे त्या चिलखतात?"

"अंगावरचा कोन धरनार?" मालूबाई एकदम ओरडल्या. "तो होता तवा धरीत होता. आता माझ्या मांगं कोन उबा हाय?"

दीपेश फाशाकडे बघत राहिला. रुमाल सांभाळत उभा असलेला बाप त्याने लहानपणी किती वेळा पाहिला होता, आणि त्याला हे सुचलंही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. प्राचीने नवऱ्याचा चेहरा पाहिला, सासूचा पाहिला. काय ते तिला नीट कळलं नसेल, पण पुरेसं कळलं.

तिने आपली सोंगटी उचलून मालूबाईंच्या सोंगटीमागे ठेवली. "मी ढाल-तलवार खाली ठेवते. दोन्ही हात मोकळे. आईंच्या मागे उभी राहते."

"प्राची, राक्षस दोन हातांवर आहे. मी सोडणार नाही हां."

"ठेवली म्हटलं ना."

मालूबाईंनी पदर खोचला आणि चिंबोरी झाल्या. प्राचीने हवेतच दोन्ही हात पसरून चिलखत झेललं नि छातीशी धरलं. नांगी जाळीवर पडली. पहिला गज तुटला. राक्षसाचा घाव प्राचीवर. दुसरा गज. पुन्हा घाव.

"टाक गो त्या! तलवार उचल!" मालूबाई किंचाळल्या.

"आई, चिंबोरी बोलत नाही," दीपेश म्हणाला.

"तू गप बस मेल्या! प्राची, टाक! आग लागो त्या चिलखताला, मरशील तू!"

"नाही टाकणार."

तिसरा घाव. प्राचीने फासा टाकला, तो घरंगळत जाऊन चहाच्या कपाला अडला. आकडा बघायला मिथुन उठून उभा राहिला. अठरा. ती तगली, अगदी धुगधुगीपुरती. शेवटचा गज तुटला आणि सगळी टोळी पाण्याबरोबर उजेडात फेकली गेली.

दीपेशने पुस्तक मिटलं आणि चहा करायच्या निमित्ताने आत गेला. मिथुनही त्याच्यामागे गेला. प्राचीने खुर्ची मालूबाईंजवळ ओढली.

"पालखीत नक्की कुठे उभं राहायचं मी? सांगून ठेवा."

मालूबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"तवा मी तुला वलखनार नाय हां," त्या म्हणाल्या. "ढकलीन पन कदाचित."

"चालेल," प्राची म्हणाली. "मी तुम्हाला ओळखते ना."