कपाट आणि बोळा

सगळे त्याला कपाट म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. सहा फुटांच्या वर उंची, दारात अडकतील असे खांदे, आणि अठ्ठावीस वर्षं लोकांचं घरसामान हलवण्याचं काम. पाठीवर कपाट घेऊन तो जिना चढायला लागला की माणूस कुठे संपतो आणि कपाट कुठे सुरू होतं ते कळत नाही, असं बरोबरचे गडी म्हणायचे. तिथून ते नाव पडलं आणि चिकटलं.

चौपन्नाव्या वर्षी, कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्याच्या कमरेत काडकन आवाज झाला. दोन महिने तो अंथरुणात होता. उठला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"पाच किलो?" तो म्हणाला. "एवढं तर मी जेवतो."

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. घरात तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचा. बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनशेजारी तो तासन्‌तास उभा राही आणि नेमका उजेड अडवी. शेवटी तिनेच नणंदेला फोन केला. "वन्सं, एका घरात दोन कपाटं मावत नाहीत हो. एक तुमच्याकडे पाठवते."

धाकट्या बहिणीचं कुत्र्यांचं सलून होतं. पुढे काचेचा दरवाजा, आत रबराची चटई घातलेली तीन टेबलं, कोपऱ्यात मोठा टब, भिंतीला टांगलेले ड्रायर. मागच्या खोलीत कपडे धुण्याचं मशीन. सगळीकडे शाम्पूचा आणि ओल्या केसांचा वास. बहीण कामाला वाघीण होती. तिने भावाला टॉवेल धुवायला, घड्या घालायला आणि कापलेले केस झाडायला ठेवलं. "दादा, कुत्र्यांना हात लावायचा नाही," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुझा आकार बघूनच ती अर्धमेली होतात." तेही खोटं नव्हतं. तो समोरून आला की भलीभली कुत्री मालकाच्या पायांमागे दडायची.

असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी दातांची डॉक्टरीण आपलं पिल्लू घेऊन आली.

पिल्लू चार महिन्यांचं, पांढरंशुभ्र, कुरळ्या केसांचं. दवाखान्यात दिवसभर कापसाचे बोळे हाताळणाऱ्या बाईने त्याचं नाव बोळा ठेवलं होतं, आणि ते त्याला शोभतही होतं. फक्त आता तो वापरलेल्या बोळ्यासारखा दिसत होता. कानांमागे, काखेत, पोटाखाली केसांच्या जटा झाल्या होत्या.

"हे चौथं सलून," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "तिघांनी परत पाठवलं. चावतो म्हणाले. मी दिवसभर लोकांना सांगत असते, घाबरू नका, काही होत नाही. आणि घरात हे."

"बघू या," बहीण म्हणाली आणि तिने बोळ्याला काखेत हात घालून उचललं.

जी किंकाळी फुटली ती ऐकून रस्त्यावरचे दोघं थांबले. टेबलावर ठेवेपर्यंत बोळा ओला झाला होता, आणि ट्रिमर सुरू होण्याआधीच बहिणीच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. तिने अंगठा नळाखाली धरला. रागावली नव्हती, पण तिचा निकाल झाला होता. "मुसकं बांधावं लागेल. दोघींनी धरायचं. दहा मिनिटं रडेल, मग सवय होते."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

कपाट मागच्या दारात टॉवेलांचा ढीग घेऊन उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं, आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. पिल्लू टेबलावर ओरडलं नव्हतं, यंत्राला बघून ओरडलं नव्हतं. मागचे पाय जमिनीवरून सुटले त्या क्षणाला ओरडलं होतं.

"सवय नाही होत," तो म्हणाला. "हार मानतं ते. दोन्हीत फरक आहे."

बहिणीने वळून पाहिलं. वर्षभरात दादा कामाच्या बाबतीत पहिल्यांदा बोलला होता.

"बाई, घरी याला उचलता तेव्हा रडतं का?" त्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "मी उचलतच नाही. आणलं त्याच आठवड्यात माझ्या हातातून पडलं होतं. जिन्यात. लागलं काही नाही, पण तेव्हापासून..."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "कुठलंही सामान उचलताना खालच्या अंगाला आधार लागतो. नुसतं वरून धरलं की ते झुलतं, आणि झुललं की गेलं. कपाटाला जीव नसतो म्हणून ते ओरडत नाही एवढंच."

आपण फार बोललो असं वाटून तो टॉवेलांकडे वळला. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला सोडलं नाही. "काका, तुम्ही कराल का? हवं तर मी रोज आणीन."

बहिणीने कपाळाला हात लावला. "हे सलून आहे हो, पाळणाघर नाही."

"दुकान उघडायच्या आधी अर्धा तास," कपाट म्हणाला. "तुझं एकही गिऱ्हाईक अडणार नाही."

"सहा आठवडे," शेवटी ती म्हणाली. "तोवर जटा कातडीला ओढायला लागतील. मग जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन भूल देऊन सगळे केस काढायचे, दुसरा इलाज नाही. आणि दादा, चावलं तर माझ्याकडे यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो जमिनीवर आडवा झाला. बसून कमर दुखायची म्हणून उताणा पडला, हात पसरून, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. बोळा दाराशी थरथरत होता. कपाटाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वीस मिनिटांनी एक ओलं नाक त्याच्या कोपराला लागलं. तो छताकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी बोळा त्याच्या छातीवर चढला. तिथे उभं राहून त्याने सगळं दुकान पाहून घेतलं.

"बघा," कपाट हळूच म्हणाला, "चढला टेबलावर."

छातीनंतर पाटासारखं बुटकं स्टूल आलं, मग उलटा ठेवलेला शाम्पूचा खोका, मग खुर्ची. प्रत्येक वेळी एक हात छातीखाली आणि दुसरा बुडाखाली, आणि उचलायच्या आधी तोच एक शब्द: "चला." शब्द झाल्याशिवाय उचलायचं नाही. पिल्लू अंग आखडून घेत असेल तर त्या दिवशी उचलायचंच नाही. दहाव्या दिवशी कपाट "चला" म्हणाला आणि बोळा स्वतःहून त्याच्या हातात टेकला. चार किलोही भरत नव्हता. डॉक्टरांच्या आज्ञेत बसणारं ते ओझं हातात घेऊन तो बराच वेळ तसाच उभा राहिला. वर्षभरात त्याने उचललेली ती पहिली गोष्ट होती, टॉवेल सोडले तर.

मग टेबल. मग ब्रश. इथे डॉक्टरीणबाई कामी आल्या. "माझ्याकडे लहान मुलं येतात ना, त्यांच्या तोंडात आरसा घालण्याआधी मी तो त्यांच्याच हातात देते. खेळू देते." म्हणून ब्रश बोळ्याला हुंगायला दिला, चावायला दिला, ब्रशची पाठ अंगावरून फिरवली, आणि ब्रशचे दाते मात्र आठवड्याने लावले. एकेक पंजा हातात धरून सोडायचा. कान उचलून बघायचे. तुकडा द्यायचा. थांबायचं. डॉक्टरीणबाई घरी संध्याकाळी तोच धडा गिरवायच्या.

ट्रिमरची पाळी आली तेव्हा कपाट अडला. ते यंत्र अंगाला लागल्यावर कसं वाटतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि न उचललेल्या सामानाबद्दल बोलायची त्याला खोड नव्हती. त्याने ते सुरू करून स्वतःच्या मानेवर टेकवलं. गुदगुल्या झाल्या. आवाज सरळ हाडांत शिरला. आणि पाच-सात मिनिटांत पातं असं तापलं की त्याने दचकून हात हलवला, आणि डोक्यावरून केसांचा एक रुंद पट्टा साफ निघून गेला.

घरी बायकोने मशीन थांबवलं. डोक्याभोवती एक फेरी मारली. "कुत्र्याचे काढायचे होते ना?"

"पातं गरम होतं गं," तो म्हणाला, जणू काही सोनं सापडलं होतं. "कुत्री बोलू शकत नाहीत. आपल्याला वाटतं आवाजाला घाबरतात. अर्ध्यांना चटका बसत असेल."

उरलेले केस तिनेच काढून दिले. दुसऱ्या दिवशी बोळ्याने ते तुळतुळीत टक्कल आधी हुंगलं, मग चाटलं. बहिणीने मात्र ती पात्याची गोष्ट ऐकली आणि दोन जास्तीची पाती आणून ठेवली, आलटून पालटून वापरायला.

पाचव्या आठवड्यात घात झाला. बोळा टेबलावर उभा होता, बंद ट्रिमर पाठीवर शांतपणे सोसत होता, आणि लवकर आलेल्या बहिणीने विसरून शेजारचा ड्रायर सुरू केला. त्या घरघरीसरशी बोळ्याने उडी घेतली. कपाटाने त्याला हवेतच झेललं, कमरेत कळ गेली तरी सोडलं नाही; पण खाली ठेवताच पिल्लू निसटलं आणि टबामागे जाऊन बसलं. पाऊण तास बाहेर आलं नाही. मग दुकान उघडायची वेळ झाली.

"राहू द्या काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूप केलंत तुम्ही. भूल देऊ या."

"बाई, तुमच्याकडे एखादं पोर खुर्चीवरून पळालं तर तुम्ही त्याचे सगळे दात काढता का?"

त्यांना हसू आलं, रडताना येतं तसं.

"उद्या या," तो म्हणाला. "पुन्हा जमिनीपासून."

आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आडवा झाला, पाठीला पट्टा बांधून. पण या वेळी बोळा दोन मिनिटांत छातीवर होता. हे कपाटालाही आणि डॉक्टरीणबाईंनाही अनपेक्षित होतं. ड्रायर मागच्या खोलीत, जाड टॉवेलात गुंडाळून, दार लावून सुरू करायचा, आवाज माशीएवढा. रोज दार चार बोटं उघडायचं. रोज टॉवेलाची एक घडी कमी करायची. ते काम बहिणीने आपणहून पत्करलं. आपल्या हातून झालं होतं, ते आपणच निस्तरायचं, असा तिचा स्वभाव होता. दाराआडून ती विचारायची, "किती?" आणि कपाट सांगायचा, "अजून एक बोट. बास."

सहा आठवडे भरले त्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरीणबाईंना बाहेर बसायला सांगितलं. कापायचं तीच कापणार होती; कपाटाला कात्री येत नव्हती. तो नुसता टेबलाच्या या बाजूला उभा राहिला.

"चला," तो म्हणाला, आणि बोळा टेकला.

आंघोळ झाली. ड्रायर सुरू झाला, टॉवेलाशिवाय, समोर. बोळ्याने कान मागे घेतले, कपाटाकडे पाहिलं, जांभई दिली. पाठ झाली. पोट झालं. काखेतली जट बहिणीने एकेक बट सोडवत काढली आणि ती निघाली तेव्हा पिल्लाने सगळं अंग असं झटकलं, जणू महिनाभराचं दुखणंच झटकून टाकलं. दोनदा पातं बदललं. तीनदा ते थांबले आणि कुणीच घाई केली नाही.

शेवटी चेहरा राहिला. डोळ्यांजवळ कात्री न्यायची, म्हणजे भल्याभल्या कुत्र्यांची आणि कापणाऱ्याचीही परीक्षा. बहिणीचा हात थबकला. अंगठ्यावरचा व्रण अजून लाल होता.

कपाटाने आपला पंजा उताणा करून टेबलावर ठेवला, बस्स. बोळ्याने त्या पंजाकडे पाहिलं, पुढे आला, आणि हनुवटी अलगद त्यात ठेवून दिली.

कात्री चालली. चुर्र, चुर्र. एक डोळा मोकळा झाला, मग दुसरा. शेवटची बट खाली पडली तेव्हा बोळ्याचे ते दोन्ही डोळे मिटलेले होते. तो उभ्या उभ्या झोपला होता.

बहिणीने कात्री ठेवली. "मुसकं नाही," ती पुटपुटली. "पट्टासुद्धा नाही. दादा, वीस वर्षं करतेय मी हे." आणि मग ती झाडू घेऊन केस झाडायला लागली, जे त्याचं काम होतं.

बाहेर फूटपाथवर येरझाऱ्या घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी काचेतून पाहिलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणाचं कुत्रं आहे. मग त्या धावत आत आल्या. बोळ्याने त्यांच्याकडे पाहून शेपूट हलवलं आणि प्रथमच त्यांच्याकडे उचलून घ्यायला पुढचे पाय वर केले. त्या घाबरल्या.

"एक हात खाली," कपाट म्हणाला. "आणि आधी सांगा त्याला."

"चला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या पिल्लाला उचललं.

दर सोमवारी सकाळी त्या सलूनमध्ये आता पिल्लांचा वर्ग असतो. केस कापत नाहीत, काहीच कापत नाहीत. पिल्लांनी यायचं, हुंगायचं, तुकडे खायचे आणि घरी जायचं. सलूनचा एकही एप्रन कपाटाला बसत नव्हता, म्हणून बायकोने दोन जोडून एक शिवला, त्याला सहा खिसे ठेवले, सगळे खाऊचे. टॉवेल धुवायला बहिणीने दुसरी बाई ठेवली आहे.

पहिल्याच सोमवारी सात पिल्लं आली आणि एकच कालवा झाला. दाराशी एक तपकिरी पिल्लू चारही पाय रोवून बसलं होतं. त्याचा मालक, नवा कोरा सूट घातलेला, दोरी ओढून घामाघूम झाला होता. कपाट त्याच्यासमोर गेला, एका हाताने दोरी सैल केली, आणि उंबऱ्यातच सावकाश, एकेक सांधा सांभाळत, उताणा झोपला. बाकीची सहा पिल्लं लगेच त्याच्या अंगावर चढली.

सूटवाला भांबावून आत बघायला लागला. "अहो, हे काय करताहेत?"

"काम," बहीण म्हणाली. "तुम्ही जरा बाजूला उभे राहा, म्हणजे तुमच्या पिल्लाला दिसेल."