पालक की कोबी

यांची मूत्रपिंडं निकामी होत चाललीत हे आम्ही घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. यांचाच तसा हट्ट होता. "कळलं की लोक भेटायला येतात आणि कोण कसं गेलं ते सांगत बसतात," असं म्हणायचे. ताडकळसला दिलेल्या माझ्या नणंदेलाही एवढंच माहीत होतं, की दादाच्या अंगात रक्त कमी आहे.

परभणीच्या डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला, तेव्हा मला वाटलं, चुकून उलटा लिहिलाय. कोबी चालेल, पालक टाळा. मी मानवतच्या शाळेत शिकवते. पालकात लोह असतं, पालक खा, हे मुलांना इतकी वर्षं सांगत आले. कोबीला आमच्या घरात कुणी भाजीत धरत नव्हतं.

"पण रक्त कमी आहे ना यांचं?" मी विचारलं.

"त्याला इंजेक्शनं आहेत. पालकात कोबीपेक्षा लोह जास्त, खरंय. पण पोटॅशियमही कितीतरी जास्त. मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकली नाहीत की ते रक्तात साठतं. मग हृदय थांबूही शकतं."

त्या दिवसापासून मला भाजीची धास्ती बसली. कोबीसुद्धा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, आणि तरी पहिला घास यांनी गिळेपर्यंत मी समोर उभी.

अशात नणंद चार दिवस राहायला आली. पिशवीत तिच्या शेतातला कोवळा पालक होता. "दादाला रक्त वाढंल," म्हणाली. मी काय सांगणार? "यांना आवडत नाही हल्ली," असं म्हणून पिशवी फ्रिजमध्ये खाली सरकवली. ती फेकायला हवी होती.

चौथ्या दिवशी शाळेतून आले, तर नणंद दारातच उभी.

"वहिनी, दादाचे पाय उचलंनात. बगा ना, कसं करायलाय."

हे पलंगाच्या काठावर बसले होते. ओठ पांढरे. छातीवर हात. "धडधड होतीय गं," एवढंच म्हणाले.

"ताई, काय खायला दिलं?"

"पालकाचं पातळ. तीन दिस झाले, तुमी शाळेत गेल्यावर देयलेय. टमाटे टाकून. तुमी म्हणला आवडत न्हाई, पर दादा तर दोन दोन वाट्या खायलाय."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली. बहिणीला नाही म्हणवलं नाही, आणि खरं सांगवलंही नाही.

शेजाऱ्यांची गाडी काढली. परभणीपर्यंत मी यांचं मनगट धरून होते. नाडी चालायची, मध्येच एक ठोका गळायचा, आणि पुढचा येईपर्यंत मी बोट तिथंच दाबून धरायची. मागच्या सीटवर नणंद सारखी विचारत होती, "झालंय काय? मला कुनी सांगायलं न्हाई."

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. कागद बघता बघता डॉक्टरांनी काहीतरी आणायला सांगितलं, आणि नर्स पळत गेली. आम्हाला बाहेर काढलं. त्या बाकावर मी नणंदेला सगळं सांगितलं. मग पदर तोंडात कोंबून ती म्हणाली, "म्हंजे मीच माझ्या भावाला मारायलते?"

"तुम्ही नाही ताई. आम्ही सांगितलं नाही, ते चुकलं."

ती माझ्यापासून सरकून बसली.

इंजेक्शनं दिली, मग यंत्रावर रक्त शुद्ध केलं. दिवेलागणीला आत बोलावलं. यांनी पायाची बोटं हलवून दाखवली. नणंद पायाशी गेली आणि भावावर ओरडली, "खरं सांगायला तोंड न्हवतं का तुला?" आणि तिथंच रडू लागली. हेही रडले. मी पहिल्यांदाच यांना रडताना पाहिलं.

आता हे आठवड्यातून दोनदा यंत्रावर जातात. घरात कुणापासून काही लपवत नाही. नणंद इकडे यायच्या आधी फोन करते, एकेका भाजीचं नाव घेते. "दोडका चालंल का? दुधी?" चालेल म्हणते मी. फोन ठेवते, आणि आहाराचा कागद पुन्हा उघडून बघते.