यंदा पऱ्हाटी जाळली नाही

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. सूनबाईचा मोबाईल आत्ता हाती आला.

यंदा मी गेल्या सालच्या कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, जाळली नाही. भुगा करून रानात पसरली, नांगरटही केली नाही, त्यातच नवी कपाशी लावली. शेजारचा कडुबा रोज टोमणा मारायचा, "आबा, हे रान हाय का उकिरडा?" माझी झोप उडाली होती.

आमच्या फुलंब्रीकडं पावसानं दडी मारलीय. आज दुपारी भीतभीत रानात गेलो, तर कडुबाच्या कपाशीनं माना टाकलेल्या आणि माझी ताठ उभी! कडुबा बांध ओलांडून आला, त्यानं हातानं भुगा सारला. खाली ओल होती, गांडुळं वळवळत होती.

"आबा, पुढच्या साली मी बी जाळत नाय!"

लई आनंद झाला. पण आता त्याच्या रानाचा घोरही मलाच. भुग्यानं वाळवी लागते का हो? ज्यांनी करून पाहिलंय, त्यांनी लवकर कळवा.