कुळाबाहेरचा करा

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी पितरांच्या नावाने मातीचे करे भरतात. खाली गहू, आत वाळ्याचं पाणी, वर आंबा. आजोबांच्या कऱ्याशेजारी आणखी एक असायचा. तो शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याचा.

निजामाचं राज्य जाता जाता आजोबांना रझाकारांनी शेतातच मारलं. पुढं फौजा आल्या, राज्य बुडालं, मग गावानं सूड उगवला. ज्याचं कुणाशी घेणंदेणं नव्हतं असा तो पिंजारी त्यात गेला. आजोबांचं नाव शाळेसमोरच्या दगडावर आहे, सप्टेंबरात झेंड्यापुढं त्यांच्यावर भाषणं होतात. पिंजाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. आजी मात्र मरेपर्यंत त्याचा करा भरत राहिली. तिच्यामागं आत्यानं भरला. ही आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली, ती कायमची.

मला याचा कोण अभिमान! हिंगोलीत चार बायका जमल्या की आजीच्या मोठ्या मनाची गोष्ट मी सांगणारच. एखादीनं डोळ्याला पदर लावला की मला बरं वाटायचं.

यंदा आत्या अंथरुणाला खिळलेली. मी सेनगावकडच्या आमच्या गावी पोचले, तर देवघरापुढं एकच करा. दुसरा भावानं आणूच दिला नव्हता.

"आजोबाला मारणारायच्या जातीचा करा आपल्या घरात काहून? गावात लोक बोलून राहिले," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "नवरा गमावलेल्या बाईला जे कळलं ते तुला कळंना? केवढं मन होतं तिचं!"

वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. बाजेवरून आत्याचा आवाज आला.

"भांडू नका रे. मन-बिन काही न्हाई. पिंजारी आपल्याच माळवदावर लपला व्हता, कडब्यामागं. आईनंच लपवला. मग कुऱ्हाडी घेऊन माणसं दारात आली. म्हनली, तुझं कुंकू पुसलं त्यायनं, अन् तू त्यायलाच झाकती? आई बोलली न्हाई. नुसतं वर बोट केलं."

इतकी वर्षं ज्या आजीला मी मिरवत आले, तिला मी ओळखतच नव्हते. मला तिचा राग आला, आणि तितकीच तिची कीवही आली.

"दर आखितीला ती रडायची, तुमाला वाटायचं नवऱ्यासाठी," आत्या म्हणाली. "हे माझ्यासंगंच गेलं असतं. पर मग त्याला पानी कोन देईल? त्याची बायको लेकरं घिऊन गेली, ती कुठं गेली कुनाला ठावं न्हाई."

भाऊ चपला घालून कुंभारवाड्याकडं गेला आणि करा घेऊन आला. कुणाकडं न बघता तो त्यानं माझ्यापुढं ठेवला. मी गहू पसरले, पाणी ओतलं. वहिनीनं आंबा आणून दिला.

आत्या बाजेवरून बघत होती. मी विचारलं, "तू तेव्हा कुठं होतीस?"

"माळवदावर. त्याला भाकर द्यायला गेलते. खाली गलका झाला तसा तो थरथरा कापाया लागला." आत्यानं डोळे मिटले. "मी म्हनलं, चाचा, भिऊ नको. खाली माझी माय हाय."