माझं टेबल उघडणारी माणसं

आमच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एका टेबलासमोर ‘मालक’ म्हणून माझं नाव होतं आणि ते बघायला मला फार आवडायचं. टेबल म्हणजे आकड्यांचा तक्ता आणि कॅटलॉग म्हणजे संगणकावरची एक जागा. कारखान्यातली कुठली माहिती कुठे आहे, कोणी बनवली, कोण सांभाळतं, हे तिथे शोधलं की सापडतं. तारापूरला एमआयडीसीत आम्ही औषधांची कच्ची पावडर बनवतो. वाळवल्यावर प्रत्येक बॅचमध्ये किती ओलावा उरला, याचं टेबल मी लॅबमध्ये असताना रडतखडत, स्वतः शिकून उभं केलं होतं. त्याच्याच जोरावर लॅबमधून डेटाच्या खोलीत आले. घिवलीत आमच्या आळीत ही गोष्ट ऐकली नाही अशी एक बाई सापडणार नाही.

मग ती आली. वाणगावची, पंचविशीतली, स्कूटीवरून भुर्रकन येणारी. पहिल्याच दिवशी मला ‘ताई’ म्हणाली. बाकी सगळे ‘मॅडम’ म्हणतात. हिला कोणी सांगितलं होतं नातं जोडायला? प्लँटमधल्या, बाहेरच्या राज्यांतून येऊन सरावलीला राहणाऱ्या मुलांशी ती फाडफाड हिंदी बोलायची आणि ती मुलं तिला हवी ती माहिती हसत आणून द्यायची. माझी हिंदी ‘मेरेको’च्या पुढे सरकत नाही. आमचे सर तिच्या खुर्चीपाशी उभे राहून गप्पा मारायचे. माझ्यापाशी ते कामापुरते थांबायचे आणि तेही घड्याळ बघत.

आणि या बाईने काय करावं? ओलाव्याचंच नवं टेबल बनवलं! ओलाव्याशेजारी ड्रायर कुठला, तापमान किती, पाळी कोणती, सगळं एका ठिकाणी. आधी ते ‘ड्राफ्ट’ होतं, तेव्हा मला आशा होती की तसंच पडून राहील. पण सरांनी लगेच मंजूर केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जेवताना मी तिच्याबद्दल बोलत सुटले तेव्हा नवरा म्हणाला, “तिच्याशिवाय दुसरा विषय नाय का तुला? आमी पण घरात हाय.”

पुढची पायरी मला माहीत होती. एकाच गोष्टीची दोन टेबलं चालत नाहीत. जुन्यावर आधी ‘जुनं’ असा शिक्का बसतो, मग ते बंद होतं, आणि बंद झालेलं शोधलं तरी कोणाला दिसत नाही. माझं टेबल वाचवायला एकच वाट होती. टेबल वापरात असेल तर ते बंद करत नाहीत. मग काय, मी वापरायला लागले! सकाळी आल्या आल्या माझं टेबल उघडायचं. चहा घेऊन आलं की पुन्हा उघडायचं, जेवणाआधी आणखी एकदा. काम काही नसायचं. उघडायचं, बंद करायचं. वापराचा आकडा वाढत असणार म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

मग जुनी टेबलं काढायची मीटिंग लागली. सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर दोन्ही टेबलं शेजारी शेजारी लावली. तिच्या टेबलाच्या ‘वापरणारे’ या रकान्यात लॅब, प्रॉडक्शन, स्टोअर, अगदी डिस्पॅचवालेसुद्धा! त्यांना मेल्यांना ओलाव्याशी काय घेणं? माझ्या टेबलासमोर लिहिलं होतं, ‘एक’. तिथे टेबल किती वेळा उघडलं हे मोजतच नव्हते. किती माणसांनी उघडलं, ते मोजत होते. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

“हा एक कोण?” सरांनी विचारलं. ती माझ्या शेजारी बसली होती. तिने आपल्या लॅपटॉपवर त्या आकड्यावर क्लिक केलं आणि तिथे माझं नाव आलं. मी पाहिलं, तिनेही पाहिलं. आता ही बोलणार, म्हणून मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले. तिने लॅपटॉपवरची ती खिडकी बंद केली आणि म्हणाली, “सर, त्या माणसाचं काहीतरी जुन्यावर अडलं असेल. मी बोलून घेते. तोवर बंद नको करूया.” सर बरं म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मीटिंग संपल्यावर ती खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. “ताई, नव्यात तुमाला काय सापडत नाय ते सांगा ना. मी घालते.” मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कुठे तरी खवचटपणा असेल, ओठ मुडपला असेल, म्हणून शोधलं. काही नव्हतं. खरंच विचारत होती. तिचं टेबल मी चोरून कितीदा तरी बघितलं होतं. त्यात सगळं होतं. मला जे करायचं होतं आणि जमलं नव्हतं, तेही होतं.

“सापडतं सगळं,” मी म्हणाले.

ठरवतात सर, पण बंद करायचं बटण मालकालाच दाबता येतं. मी तिच्यासमोरच दाबलं. मग शोधाच्या चौकटीत ‘ओलावा’ टाकून पाहिलं. तिचं एकटीचं टेबल आलं, खाली तिचं नाव. ती म्हणाली, “तुमच्या टेबलावरूनच शिकले मी ताई,” आणि जाऊन आपल्या कामाला लागली.

मी तिच्या पाठीकडे बघत बसले. तिने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं असतं तर किती बरं झालं असतं! निदान मला तिला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.