तीन डब्ल्यूंवरून झालेली भांडणं

जव्हारला आमचं छोटं लॉज होतं. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या, खाली आमचं बिऱ्हाड आणि मागे स्वयंपाकघर. गिऱ्हाईक आणि बाजार यजमान बघायचे. स्वयंपाक, चादरी आणि फोन माझ्याकडे. नाशिक-ठाण्याकडचे लोक पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि हिवाळ्यात थंडीसाठी यायचे, राजवाडा बघायचे, शिरपामाळावर फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचे. आपली वेबसाइट असावी असं आम्हां दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं. ते आणलं माझ्या मोठ्या दिरांनी.

भाऊजी ठाण्याला नोकरीला. मोबाइल नुकते तालुक्याच्या गावांत पोचत होते तेव्हाच त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला होता. एका दिवाळीला ते आले ते वेबसाइट तयार करवूनच. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी ती केली होती. आम्ही घड्याळांच्या दुकानात जाऊन बघितली. जव्हारच्या जुन्या मुसलमान व्यापारी घराण्यातल्या एका चाचांचं ते दुकान. पुढे घड्याळदुरुस्ती आणि पडद्यामागे भाड्याने वापरायचे दोन कॉम्प्युटर. पान उघडेपर्यंत चाचांनी एका घड्याळाचा पट्टा बदलून दिला. मग हळूहळू एक धबधबा उतरला आणि त्याच्यावर लॉजचं नाव लुकलुकायला लागलं. खाली यजमानांचा मोबाइल नंबर होता. भाऊजी इतके खूश होते की हा धबधबा आपल्याकडचा नाही हे मी बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी शिरपामाळाच्या रस्त्याला बोर्ड रंगवून घेतला. त्यावर लॉजचं नाव एका ओळीत मावलं आणि वेबसाइटचा पत्ता दुसऱ्या ओळीत. पत्त्यातले तीन डब्ल्यू लॉजच्या नावापेक्षा मोठे होते.

पुढे यजमानांनी तो नंबर सोडून दिला. त्या कंपनीची रेंज आमच्या गल्लीत येईना, म्हणून दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं. वेबसाइटवर जुना नंबर आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझी धाकटी बहीण नाशिकला वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती. ती मे महिन्यात राहायला आली, भाऊजींची साइट बघितली आणि म्हणाली, ताई, हे लोकांना दाखवू नकोस, मी तुला नवीन करून देते. यजमानांनी भाऊजींना फोन करून तसं सांगितलं. "करा, करा," असं ते म्हणाले खरे, पण आवाजावरून मला कळलं की त्यांना लागलं आहे. ठाण्याच्या त्यांच्या ओळखीच्या माणसाने पुढचं काय ते केलं आणि बहिणीची साइट सुरू झाली. तिच्यात आमच्या खोल्यांचे खरे फोटो होते, नवा नंबर होता, जेवणात काय मिळतं तेही होतं. फक्त पत्त्याच्या सुरुवातीचे तीन डब्ल्यू तिने काढून टाकले होते. आता त्यांची गरज नसते, पत्ता जितका छोटा तितका चांगला, असं तिचं म्हणणं.

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. भाऊजींना ते डब्ल्यू काढणं म्हणजे आपलं नाव पाटीवरून खरवडून काढल्यासारखं वाटलं. ते फोन करून विचारायचे, अर्धा पत्ता कशाला देता लोकांना? बहीण फोन करून विचारायची, तुमच्या कार्डावर अजून तो जुना पत्ता का छापताय? आम्ही तिच्या सांगण्यावरून नवी कार्डं छापून घेतली. भाऊजी गणपतीत आले तेव्हा त्यांनी तो गठ्ठा मांडीवर घेतला आणि अख्खी दुपार खाटेवर बसून प्रत्येक कार्डावर बॉलपेनने तीन डब्ल्यू लिहिले. मी त्यांना दोनदा चहा नेऊन दिला.

यजमानांना विचारलं की ते म्हणायचे, तुझी बहीण आणि माझा भाऊ, आपण मध्ये पडायला नको. पण फोन उचलायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मध्ये मीच पडलेली असायचे.

त्या हिवाळ्यात पाहुणे कमी झाले. बहिणीने नाशिकला बसून शोधून पाहिलं आणि मला फोनवर समजावलं. जव्हारचं लॉज असं सर्च इंजिनवर टाकलं तर पहिल्या पानावर डहाणूची हॉटेलं येत होती, कुणाचं तरी प्रवासवर्णन येत होतं, आम्ही मात्र नव्हतो. बरंच मागे गेल्यावर आम्ही सापडत होतो आणि तेही दोनदा, एकदा डब्ल्यूसकट आणि एकदा डब्ल्यूशिवाय. तिच्या सांगण्याप्रमाणे सर्च इंजिन आम्हाला दोन वेगळी लॉज समजत होतं. कुणी आपल्या पानावर आमचा उल्लेख करून पत्ता दिला की आमचं वजन वाढायचं; पण एका ट्रेकिंगवाल्याने डब्ल्यूचा पत्ता दिला होता, दुसऱ्या कुणी बिनडब्ल्यूचा, आणि असं ते वजन दोन घरांत वाटलं जात होतं. दोन्ही पत्ते जोडून एक केले की झालं.

"मग जोड ना," मी म्हटलं.

तर पासवर्ड ठाण्याच्या माणसाकडे होता. त्याला विचारलं तर तो म्हणे, तुमच्या दिरांना विचारा. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, जरूर जोडा, पण डब्ल्यूच्या पत्त्यावर. बहीण म्हणाली, बिनडब्ल्यूच्या. मी तिला विचारलं की वर येण्यासाठी यातलं कोणतं बरं? ती म्हणाली, तसा फरक काहीच नाही, कोणतंही एक पक्कं करायचं असतं. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. फरक काहीच नव्हता आणि तरी दोघं हटत नव्हते. कोणतंही करा पण करा, असं मी दोघांनाही सांगितलं. तुला यातलं कळत नाही, असं दोघांनीही मला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात, भाताची लावणी आटोपल्यावर, एक माणूस लॉज विचारत आला. डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला, पन्नाशीचा असेल. खोडाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा शेतकरी होता. मला वाटलं भाजी किंवा कोंबड्या विकायला आला असेल. तो पायरीवर बसला, खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्यो फोन माझा हाय का तुमचा?"

मला काही उमगेना. मग त्याने सगळं सांगितलं. त्याचा मुलगा ठाण्याला बांधकामावर होता. मुलाशी बोलता यावं म्हणून घरच्यांनी हा फोन घेतला होता. त्यांच्या पाड्यावर रेंज नव्हती. घरामागच्या टेकाडावर एका जागी यायची. रविवारी मुलाला सुट्टी, म्हणून रविवारी तो टेकाडावर जाऊन बसायचा. आणि रविवारीच सगळी मुंबई त्याला फोन करायची. खोली आहे का, गरम पाणी आहे का, जेवणात चिकन मिळेल का. हिंदीत विचारायचे, इंग्रजीत विचारायचे. तो प्रत्येकाला सांगायचा की माझ्याकडे खोल्या नाहीत, पण एक ठेवला की दुसरा यायचा, आणि मुलाचा फोन लागायचा नाही. मुलाला वाटलं बाप मुद्दाम बोलत नाही. दोन-तीन रविवार त्याने फोनच केला नाही.

यजमानांचा सोडलेला नंबर कंपनीने ह्या माणसाला दिला होता.

एवढ्यावर थांबलं नव्हतं. मागच्या रविवारी कसाऱ्याकडून येणारी एक गाडी संध्याकाळी त्यांच्या पाड्याखाली अडकली होती. ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं. गाडीतल्यांनी लॉजचा म्हणून ह्याला फोन लावला. बायको-मुलं, म्हातारी आई, सगळे घाबरलेले. ह्याला टेकाडावरून गाडीचे दिवे दिसत होते. तो खाली उतरला आणि त्यांना घरी घेऊन आला. बायकोने नागलीच्या भाकरी केल्या, भात केला, गोधड्या दिल्या. सकाळी त्यांनी चेक-आउट किती वाजता करायचं ते विचारलं. त्यांना शेवटपर्यंत ते आमचं लॉजच वाटत होतं. कुठे सापडला हा नंबर, असं त्याने विचारल्यावर त्यांनी इंटरनेटवर म्हणत लॉजचं नाव सांगितलं, आणि त्या नावावरून तो आता माझ्या दारात आला होता.

तो रागावला होता, पण आवाज चढवत नव्हता. त्याला फक्त हे थांबायला हवं होतं. मी त्याला पाणी दिलं, जेवायला बसवलं आणि तडक घड्याळाच्या दुकानात गेले. चाचांना म्हटलं, आधी डब्ल्यू घालून पत्ता टाका. पान उघडलं तर तोच परका धबधबा, तेच लुकलुकणारं नाव आणि खाली तोच जुना नंबर. मी आणि बहीण इतके दिवस फक्त तिचं पान उघडत होतो. भाऊजींची साइट काढून टाकली असंच आम्ही धरून चाललो होतो. आमच्या रंगवलेल्या बोर्डावरचा पत्ता वाचून जो कुणी जात होता, तो ह्या पानावर पोचत होता.

परत येऊन भाऊजींना ऑफिसात फोन लावला. काय झालं ते थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, असं होणार नाही, तुम्हा लोकांचा काहीतरी गोंधळ झालाय. मग मी रिसीव्हर त्या माणसाच्या हातात दिला.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या पोराचा फोन लागत नाय. येवढंच हाय माझं."

मग त्याने रिसीव्हर मला परत दिला.

"मीच सांगितलं होतं त्या साइट करणाऱ्याला," भाऊजी म्हणाले. "नवीन साइट टाक, पण माझी काढू नकोस म्हटलं. दुसऱ्या पत्त्यावर राहिली तर कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी फार स्पष्ट बोलले. म्हटलं, भाऊजी, पत्ता तुमचा राहील, तीन डब्ल्यूंसकट. बोर्ड तोच आहे, लोकांना तोच माहीत आहे, आणि इथे डब्ल्यू दिसल्याशिवाय हा इंटरनेटचा पत्ता आहे हे कुणाला समजतही नाही. पण पानं माझ्या बहिणीची राहतील. आजच्या आज पासवर्ड तिला द्यायला सांगा. त्यांनी बरं म्हटलं.

बहिणीला सांगितलं तर ती वाद घालायला लागली. मी तिला म्हटलं, फरक नसतो हे तूच सांगितलंस ना, मग घाल ते डब्ल्यू. ती चिडली, पण काम तिने नीट केलं. तिची पानं डब्ल्यूच्या पत्त्यावर नेली आणि बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर येणारा आपोआप आणि कायमचा तिकडेच वळेल अशी सोय केली. जुना धबधबा गेला.

फोन लगेच थांबले नाहीत. कुणी जुना नंबर लिहून ठेवला होता, कुणाच्या मोबाइलमध्ये होता. त्या माणसाला मी आमचं कार्ड दिलं आणि सांगितलं की कुणी विचारलं तर हा नंबर सांगा. दिवाळीच्या आधी तो बाजारात भेटला तेव्हा म्हणाला की आता रविवार मोकळा असतो. मुलगा नागली कापायला घरी येऊन गेला होता.

सर्च इंजिनवर आम्ही काही आठवड्यांनी पहिल्या पानावर आलो. अगदी वर नाही, डहाणूच्या एका हॉटेलाच्या खाली, पण आलो, आणि एकदाच दिसलो. मी दोघांनाही फोन करून कळवलं. डब्ल्यू ठेवले म्हणून वर आलो, असं भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात. बहिणीचं म्हणणं, दोन्हींचं एक केलं म्हणून वर आलो, डब्ल्यूंचा काही संबंध नाही. तिचं बरोबर आहे. पण हे भाऊजींना कोण सांगणार, आणि सांगून ते पुन्हा बॉलपेन घेऊन बसले तर निस्तरायचं कुणी, म्हणून मी दोघांचंही ऐकून घेते आणि पाहुण्यांच्या चादरी बदलायला वर जाते.